बावीस घरं

माझी बायको नलू गेली हे मला १९ मे रोजी दुपारी अडीच वाजता कळलं. मी कूलरमध्ये पाणी टाकत होतो. फोन छायाचा होता. छाया म्हणजे नलूच्या अंगणवाडीतली मदतनीस. "भाऊजी, लवकर या," एवढंच ती म्हणाली. कुठं, ते सांगितलं नाही. मी विचारलं तर रडायला लागली. मग कोणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, "काका, दवाखान्यात या. गाडी हळू चालवा."

गाडी हळू चालवा म्हटलं की माणसाला कळतं.

नलू सापडली ती आमच्या ले-आउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीच्या, तिसऱ्या गल्लीत. तिथं कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार बंद असतं. शटरसमोर दोन पायऱ्या आहेत, त्यांवर टिनाची सावली पडते. ती वरच्या पायरीवर शटरला पाठ टेकून बसली होती. मांडीवर रजिस्टर होतं. डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फनं बांधलेलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक बाई तसं बांधते. पुरुषही दुपट्टा बांधतात. उन्हात समोरून कोण येतंय हे चालीवरून ओळखायचं, तोंडावरून नाही. ती तासभर तरी तशी बसून होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई सावलीला बसली आहे. शेवटी छाया तिला शोधत आली आणि तिनं खांद्याला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. तासभर आधी आणलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला अजून सहा दिवस होते.

नलू सत्तावन्न वर्षांची होती. माहेर अल्लीपूर. बोरगाव मेघेत एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका. मी वीज खात्यात मीटर रीडर होतो, तीन वर्षांपूर्वी रिटायर झालो. मुलगा कैलास हैदराबादला असतो. तो तेरवीपर्यंत राहिला. जाताना म्हणाला, "बाबा, तुम्हीही चला." मी म्हटलं, बघू.

आमचं बोरगाव मेघे कागदावर गाव आहे. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे. पण वर्ध्याहून येणाऱ्याला शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं ते सांगता येत नाही. मी इथं प्लॉट घेतला तेव्हा मागं तुरीचं वावर होतं. आता तिथं चार गल्ल्या आहेत. ज्याचं वावर होतं त्याचं घर कुठंतरी मध्येच जुन्या कवेलूंचं, म्हणजे कौलांचं दिसतं. बाकी सगळे बाहेरून आलेले. पुलगावच्या दारूगोळा डेपोतून रिटायर होऊन आलेले आहेत. नाचणगावचे, हिंगणघाटकडचे शेतकरी आहेत, त्यांनी मुलांच्या शाळेसाठी इथं खोल्या घेतल्या. दवाखान्यांतल्या नर्स आहेत, त्यांत केरळच्याही आहेत. लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे बिहारचे आणि छत्तीसगडचे आहेत. तेलगू बोलणारे गवंडी आहेत. किराणा दुकानवाला सिंधी आहे. विद्यापीठात शिकणारी मुलं एका खोलीत चार-चार राहतात. आणि नागपूरला नोकरी करणारे पुष्कळ आहेत. ते सकाळच्या गाडीनं जातात आणि दिवे लागल्यावर येतात. त्यांना इथं अप-डाऊनवाले म्हणतात. दिवसा त्यांच्या दारांना कुलपं असतात.

एका गल्लीत कोण वारलं तर दुसऱ्या गल्लीला कळत नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. तसं आहे.

हा सगळा भाग आम्ही दोघं दोन तऱ्हांनी ओळखायचो. मला घराचा मीटर कुठल्या भिंतीवर आहे, कुत्रं आहे का, फाटक कसं उघडतं हे माहीत होतं. आत कोण राहतं हे नलूला माहीत होतं. कुलूप दिसलं की मी मागचं रीडिंग बघून अंदाजे आकडा टाकायचो आणि पुढं जायचो. नलू मला हसायची. "तुमचं अंदाजे चालते जी. माह्यं नाई चालत. मी माणसं लिहितो."

तिची एक पद्धत होती, ती आधी सांगायला हवी. अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक घराची माणसं लिहायची असतात. कोणी जन्मलं की नाव चढतं, कोणी वारलं की लाल पेननं कापलं जातं. नलू नवीन असताना एका गल्लीत दोन म्हातारे होते. एक वारला. शेजारणीनं चुकून दुसऱ्याचं नाव सांगितलं आणि नलूनं त्या घरी न जाता ते कापून टाकलं. पुढच्या महिन्यात ती त्या घरी गेली तर त्या म्हाताऱ्यानंच दार उघडलं. ती घाबरली आणि तिनं सगळं कबूल केलं. म्हातारा खूप हसला. म्हणाला, "काऊन वं पोरी, मले एवढ्या लवकर काऊन मारलं? अजून तूर घरी यायची हाय." चहा पाजला तिला. आठ दिवसांनी तोही गेला.

त्यानंतर तिनं नियम केला. मेलेल्या माणसाचं नाव ऐकीव बातमीवर कापायचं नाही. ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी जायचं, दारात उभं राहून विचारायचं, घरच्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मग थोडा वेळ त्यांच्याजवळ बसायचं आणि मग कापायचं. अख्ख्या गावाला माहीत असलं तरी तिला घरच्याकडून ऐकायचं असे. बाकीच्या सेविका तिची थट्टा करायच्या.

तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी छाया आली. "भाऊजी, रजिस्टर तुमच्याकडेच हाय ना? मॅडम विचारून राह्यल्या."

मॅडम म्हणजे त्यांची पर्यवेक्षिका. वार्षिक सर्वे एप्रिलमध्ये संपायचा होता, तो लांबला होता. रजिस्टर दवाखान्यातून नलूच्या सामानाबरोबर घरी आलं होतं. मी उघडून पाहिलं. एकशे अठरा घरं झाली होती. एकशे चाळीसपर्यंत होती. बावीस राहिली होती.

"तुले लिहिता येत नाही का?" मी छायाला विचारलं.

"मले येते. पन सध्या अंगणवाडी माह्या एकटीवरच हाय. नवीन बाईची ऑर्डर कधी निघते कोन जाणे."

मी म्हटलं, "मी करून देतो. घरं मले माहीत आहेत."

 छायानं रजिस्टरच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला आणि निघून गेली.

नलू दुपारी एक ते तीनच्या मध्येच सर्वेला जायची. बायकांचा स्वयंपाक आटोपलेला असतो, त्या बोलतात. मी तिला सकाळी जा म्हणून सांगायचो. ती ऐकायची नाही. मी गेलो तेव्हा मीही दुपारीच गेलो. जूनची तीन तारीख होती. पाऊस कुठंच नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या घरांतून कूलरचा आवाज येत होता आणि सगळी दारं लावलेली होती. आपण चालतोय तर आपल्याला कोणी पाहत नाही, असं वाटत होतं. आणि पाहतंय असंही वाटत होतं.

एकशे एकोणीस नंबर बंडोपंतांचं घर. ते बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई शाळेत शिक्षिका होत्या. मी बेल वाजवली. सरोजिनीबाईंनी जाळीचं दार उघडलं.

"अहो, तुम्ही कशाला आलात? बाई लिहून घेऊन गेल्या ना."

"कोणत्या बाई?"

"अंगणवाडीच्या. परवा दुपारी."

आतून बंडोपंत म्हणाले, "तिचं काही ऐकू नका. तिला कालची भाजी आठवत नाही."

"मला सगळं आठवतं. लग्नात तुमच्या आत्यानं काय म्हटलं होतं तेसुद्धा आठवतं. सांगू का यांच्यासमोर?"

 मी सरोजिनीबाईंना विचारलं, बाई कशा होत्या.

"तोंड बांधलेलं होतं. ती सरकारी साडी. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण? मी म्हटलं, आम्ही दोघं, सुमीत पुण्याला, इला सासरी. मग त्यांनी विचारलं, घरातलं कोणी वारलं का? मी म्हटलं, नाही हो. तरी उभ्याच राहिल्या. पुष्कळ वेळ. मला वाटलं पाणी हवंय. आणायला वळले, तेवढ्यात गेलेल्या."

त्यांना नलू गेल्याचं माहीत नव्हतं. तिसऱ्या गल्लीत कोणी बाई उन्हानं गेली एवढं त्यांनी ऐकलं होतं. मी सांगितलं नाही. दोन नावं लिहिली आणि निघालो.

छायाला फोन केला. कोणी नवीन बाई पाठवली का? ती म्हणाली, "कोनी नाई पाठवली, भाऊजी. दुसऱ्या वस्तीतल्या बाया आपलंच सोडून इकडे कायले येतील?"

एकशे वीसला कुलूप. एकशे एकवीसला बिहारची एक बाई राहते, नवरा कारखान्यात. ती दाराच्या फटीतून म्हणाली, "दीदी तो परसों आके गईं, भैया."

"क्या पूछा दीदी ने?"

"यही कि घर में कौन-कौन है. फिर पूछा, कोई गुजर गया क्या. मैंने कहा, उधर गाँव में ससुरजी गुजरे हैं, फागुन में. तो बोलीं, उधर का नहीं, इस घर का बताओ. मैंने कहा, इस घर में कोई नहीं. फिर भी खड़ी रहीं." ती थोडं थांबली. "दीदी की तबीयत ठीक है ना? आवाज़ बहुत धीमी थी."

मी म्हटलं, ठीक आहे.

पुढच्या तीन-चार दिवसांत मी सात घरं केली. सगळीकडे तेच. बाई येऊन गेल्या. दोन दिवसांपूर्वी, नाहीतर तीन. घराघरांत फरक एवढाच की कोणी म्हणे पाणी दिलं ते घेतलं नाही, कोणी म्हणे बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. विद्यापीठातल्या मुलांनी सांगितलं की त्यांना वाटलं कोणीतरी वर्गणी मागायला आलं आहे, म्हणून त्यांनी दार उघडलंच नाही, आतूनच ओरडले, इथं कोणी नाही. ती बराच वेळ दाराबाहेर उभी असल्याचं त्यांना जाळीतून दिसलं.

मी विचार केला की कोणीतरी दुसरी बाई फिरते आहे. कुठलं तरी खासगी काम असेल, आजकाल औषध कंपन्याही सर्वे करतात. साडी तशीच दिसली असेल. हे मला पटत होतं. पण ती रजिस्टरच्याच क्रमानं फिरत होती. तो क्रम नलूनं केलेला होता आणि सरळ नव्हता. एकशे चोवीसनंतर मागच्या गल्लीत जाऊन परत यावं लागतं, कारण एका घरचं कुत्रं तिला टाळायचं असे. ती बाईही तशीच गेली होती.

मग मी पुढं जाऊन थांबायचं ठरवलं. एकशे सव्वीस नंबरला प्रेमदासचं वेल्डिंगचं शेड आहे, मागं घर. त्याच्याकडे बाई अजून आली नव्हती. मी दोन दुपारी तिथं बसलो. दुसऱ्या दिवशी प्रेमदास म्हणाला, "काका, तुम्ही माह्या दुकानाची चौकीदारी करून राह्यले का? पगार नाई भेटणार बरं."

"बसू दे रे. घरी कूलर बंद आहे."

"बसा ना. पन इथं तर लोखंड तापते. तुमच्या घरचा पंखाच बरा." त्यानं मला पाणी दिलं, मग हळूच म्हणाला, "काकूंचं ऐकलं. मले आधी माहीतच नव्हतं जी. इथून शंभर पावलांवर झालं आणि मी इथं गेट बनवून राह्यलो होतो."

तीन वाजेपर्यंत कोणी आलं नाही. मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी प्रेमदासचा फोन आला. काल मी तिथून निघालो आणि पाच मिनिटांत बाई आली होती, म्हणे. त्याच्या बायकोशी बोलून गेली. त्यानं स्वतः पाहिलं नाही, तो वेल्डिंगचा चष्मा लावून होता.

रविवारी मी नीलेशकडे गेलो. तो अप-डाऊनवाला, नागपूरला कंपनीत आहे, इतर दिवशी सापडत नाही. त्याच्या फाटकावर कॅमेरा आहे. मी विचारलं तसं त्यानं मोबाइलवर शुक्रवारची दुपार काढली. "या बघा, काका. एक वाजून अठ्ठेचाळीस."

मला वाटलं होतं काहीच दिसणार नाही. पण दिसलं. फाटकाबाहेर एक बाई उभी होती. सरकारी साडी. तोंड बांधलेलं. उन्हामुळं चित्र पांढरं झालं होतं, पण बाई नीट दिसत होती. आत नीलेशची बायको वेदश्री ओट्यावर उभी होती. दोघी बोलत होत्या, आवाज नव्हता.

बाईचा डावा हात कोपरात वाकवलेला होता, रजिस्टर धरतात तसा. उजवा हात त्याच्यावर फिरत होता. डाव्या हातात काही नव्हतं. उजव्यातही पेन नव्हतं. रजिस्टर माझ्या पिशवीत होतं.

नीलेश म्हणाला, "मेंटल असेल कोणी. गेटला आतून कुलूप लावायला सांगतो वेदश्रीला."

वेदश्री स्वयंपाकघरातून म्हणाली, "मेंटल वगैरे काही नाही. चांगलं बोलल्या. मला विचारलं, कोणी वारलं का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी स्वतःशीच म्हटल्यासारखं केलं, की कोणाच्या तरी घरचं वारलं आहे, घर सापडत नाही."

मी नीलेशला ते चित्र पुन्हा दाखवायला सांगितलं. बाई निघताना दिसत होती. उजवा गुडघा दुखत असला म्हणजे माणूस जसं पाऊल टाकतो तसं ती टाकत होती. नलूचा उजवा गुडघा दुखायचा. पण त्या वयाच्या पुष्कळ बायांचा दुखतो.

एकशे एकतीस नंबर मनकर्णाबाईचं घर. हे कवेलूंचं. ले-आउट पडला ती जमीन तिच्या सासऱ्याची होती. आता चारी बाजूंनी स्लॅबची घरं आहेत आणि मध्ये ती दारात बाज टाकून बसते. ऐंशीच्या पुढं वय असेल. तिथून तिसऱ्या गल्लीचा कोपरा सरळ दिसतो.

"ये रे रूपराव. बस. रजिस्टर घेऊन हिंडून राह्यला म्हणे. आता रिटायर झाल्यावर अंगणवाडीत लागला का?"

"नलूचं राहिलं होतं, ते पुरं करतो."

"ती स्वतःच करून राह्यली की. तुले काऊन घाई?"

मी बाजेच्या कडेला बसलो. ती सुपारी कातरत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"काल आलती. मले इचारलं, कोनी वारलं का? मी म्हनलं, बाई, तूच वारली. त्या पायरीवर. सगळ्या दुनियेनं पाह्यलं." तिनं अडकित्त्यानं कोपऱ्याकडं दाखवलं. "तर नाई म्हने. म्हने, दुसऱ्याच्या घरचं ऐकीव मी लिहीत नाई, आजी. ज्या घरचं मानूस गेलं त्या घरच्यानं सांगितलं पायजे."

 कूलरशिवायच्या त्या घरात खूप शांत होतं.

"सगळी घरं करत येईन ती. तुह्यं घर शेवटी हाय ना?"

हो. एकशे चाळीस म्हणजे आमचं. नलू दरवर्षी ते शेवटी ठेवायची. आपलं काय, बसल्या बसल्या लिहीन, म्हणायची.

"मग येईन तेव्हा सांगजो तिले. तोंडानं सांगजो. नाईतर बिचारी उन्हात फिरतच राहीन. मेल्यावर ऊन लागत नाई म्हंतात, पन कोनं पाह्यलं?"

"मावशी, असं नसते."

"नसते तर नसते. तू सांगून तर पाह्य. तुह्यं काय जाते?"

मग ती थोडा वेळ कातरत राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी इथंच बसलती. ती बसलेली दिसली मले. वाटलं, थकली, बसली. हाक मारावी तर एवढ्या उन्हात आवाज कोन काढते? मी उठली नाई. आनि तूही तिच्या पुढून गेलता, रूपराव. मी पाह्यलं."

ही गोष्ट मी वर लिहिली नाही. आता लिहितो.

त्या दिवशी सव्वा वाजता मी दही आणायला गेलो होतो. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा त्या पायरीसमोरून गेलो. पायरीवर बाई बसलेली मी पाहिली. तिच्या तोंडावर पिवळ्या ठिपक्यांचा स्कार्फ होता. तो छायाचा. मी तो ओळखतो. मला वाटलं, छाया बसली आहे. नलू आत कुठल्या तरी घरात लिहीत असेल आणि छाया बाहेर सावलीला टेकली आहे. येताना मला असंही वाटलं की थांबून तिला थोडं दही द्यावं. पण मीही तोंडाला दुपट्टा बांधलेला, चष्मा लावलेला, गाडी तापलेली. आपल्या वयाच्या माणसानं झोपलेल्या बाईला उठवणं बरं दिसत नाही, असं मनात आलं. मी गेलो.

सकाळी नलूचा स्कार्फ धुऊन ओला होता, म्हणून तिनं छायाचा बांधला होता. हे मला दवाखान्यात कळलं. मी इतकी वर्षं लोकांना चालीवरून ओळखायचं सांगतो. बसलेल्या माणसाला चाल नसते.

हे मी कैलासला सांगितलेलं नाही. छायालाही नाही.

मनकर्णाबाईच्या घरची चार नावं लिहून मी उठलो. तिनं मला थांबवलं नाही.

त्यानंतर मी बाकीची घरं भराभर केली. लोक काय सांगतात ते विचारणं मी बंद केलं. तरी काही जण सांगायचेच. काका, आधी एक बाई येऊन गेल्या. मी म्हणायचो, हो, माहीत आहे. एकशे एकोणचाळीस नंबरचे लोक म्हणाले की बाई आत्ताच, म्हणजे आज दुपारी एकला, येऊन गेल्या. तेव्हा मी तिच्यापेक्षा फक्त अर्धा तास मागं होतो. त्या दिवशी १६ जून होता.

दुसऱ्या दिवशी मी कुठं गेलो नाही. मी माठ भरला. कूलर बंद ठेवला, म्हणजे फाटकाचा आवाज ऐकू येईल. काय बोलायचं ते ठरवलं होतं. आधी घरात मोठ्यानं म्हणून पाहिलं. माझी बायको नलू वारली. १९ मेला. एवढंच. यात अवघड काही नव्हतं. तेरवीच्या पत्रिकेत हेच छापलं होतं.

दीड वाजता फाटक वाजलं. आमच्या फाटकाची कडी वर उचलून बाजूला ढकलावी लागते, नवीन माणसाला जमत नाही. कडी एकदाच वाजली.

मी जाळीच्या दारात गेलो. ती अंगणात उभी होती, फाटकापासून दोन पावलं आत. साडी तीच. तोंडाला पिवळ्या ठिपक्यांचा स्कार्फ. तो स्कार्फ छायानं नदीत सोडला होता, आमच्यासमोर. डोळे दिसत होते, पण उन्हात मिटल्यासारखे होते. अंगणात सिमेंट आहे, ते इतकं चमकत होतं की तिच्या पायाखाली सावली आहे की नाही ते मला दिसलं नाही. मी पाहायचा प्रयत्न केला, हे खरं आहे.

"घरी कोण कोण आहे?"

आवाज कापडातून आला. हळू होता. अनोळखी घरी बोलतो तसा होता. तिनं मला ओळखलं नव्हतं.

मी म्हटलं, "दोघं. मी आणि माझी बायको."

तिचा हात हवेत फिरला. रूपराव, नलू. मला तो हात बघून कळलं की ती काय लिहिते आहे.

"कोणी वारलं का?"

मी वाक्य ठरवलं होतं. तोंडही उघडलं. मला एवढंच दिसत होतं की ती चालत चालत एवढी घरं करून आली आहे, उन्हात, आणि मी हो म्हटलं की तिचं काम संपेल. मग ती दोन मिनिटं बसेल. मग जाईल.

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."

ती उभी राहिली. सगळ्यांनी सांगितलं होतं तशीच. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "ऊन आहे. सावलीला ये. पाणी घे." तिनं मान हलवली. दुसऱ्याच्या घरी पाणी घेताना आपण म्हणतो ना, राहू द्या, तशी. मग ती वळली. उजवा गुडघा वाचवत फाटकातून बाहेर गेली आणि कडी लावून घेतली.

मी बाहेर धावलो तेव्हा गल्ली रिकामी होती. सगळ्या घरांचे कूलर चालू होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. रोज दीड वाजता. तेच विचारते. मी तेच सांगतो. आता ती दुसऱ्या कोणाकडं जात नाही, मी प्रेमदासला आणि सरोजिनीबाईंना विचारलं आहे. ती येते कुठून आणि इथून गेल्यावर कुठं जाते, ते मला माहीत नाही. जूनचा शेवट आला आहे. पारा उतरला नाही. काल ती फाटकापाशी थोडी थांबली आणि भिंतीला हात टेकला.

मनकर्णाबाईनं परवा दारातूनच विचारलं, "सांगितलं का?"

"नाई."

"काऊन?"

मी गाडी पुढं नेली.

कैलासचा फोन येतो. त्यानं तिकीट काढायचं विचारलं. मी म्हटलं, दुपारी मला घरी असावं लागतं. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, काम आहे. छाया दोनदा येऊन गेली. मॅडम रागावल्या आहेत, बाकी सगळ्यांची रजिस्टरं जमा झाली. मी तिला सांगितलं की एक घर राहिलं आहे.

एकशे एकोणीस ते एकशे एकोणचाळीस ही सगळी घरं मी लिहिली. एकशे चाळीसच्या ओळीत अजून काही लिहिलेलं नाही. नलूला अजून सांगितलेलं नाही.